सहा, बारा, अठरा

माझी बायको दहावीच्या परीक्षेला बसली तेव्हा तिचं वय बेचाळीस होतं. गणित तिला मी शिकवलं. ती पास झाली आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी गेली. या दोन गोष्टींच्या मध्ये मी घातलेलं एक गणित आहे. ते चुकलं. कसं चुकलं ते मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण घरातले आणि गावातले लोक ‘नशीब’ म्हणतात, आणि नशिबाच्या पायऱ्या मांडून दाखवता येत नाहीत. याच्या येतात.

आमचं गाव पळसदरीच्या अलीकडे. मी मोहोपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, चोवीस वर्षं झाली. काम एवढंच, की कुठला माल किती आहे, रोज किती जातो, कधी संपेल आणि त्याआधी मागणी कधी टाकायची. साठ पिंपं शिल्लक आहेत, रोज चार लागतात, नवा माल यायला आठ दिवस जातात. म्हणजे सात दिवसांनी मागणी टाकली तरी चालतं. मी पाचव्या दिवशी टाकतो. माझ्या हातून आजवर कधी माल संपला नाही. बढाई म्हणून सांगत नाही. याच सवयीने घात केला, म्हणून सांगतो.

तिचं माहेर खालापूरकडचं. दहावीला ती एका विषयात नापास झाली होती, गणितात. ऑक्टोबरला परत बसायचं तर वडिलांनी फॉर्मच भरला नाही. दोनेक वर्षांनी आमचं लग्न झालं. पुढे त्या परीक्षेबद्दल ती कधी काही बोलली नाही. मग मुलगी पनवेलला कॉलेजात गेली, तिथल्या वसतिगृहाचा फॉर्म तिने घरी बसून भरला, आणि ‘आईचे शिक्षण’ या रकान्यात लिहिलं, नववी पास.

तिच्या आईने ते वाचलं. “दहावी नापास लिवायचं सोडून नववी पास का लिवलंस गं?”

“आई, ते बरं दिसतं.”

“दिसतं,” ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर म्हणाली, “अवो, सतरा नंबरचा फॉर्म असतो ना, बाहेरून बसायचा? तो भरून द्या मला.” कुठल्या शाळेत भरतात, कधीपर्यंत भरतात, जन्माचा दाखला लागतो की शाळेचा, सगळं तिने आधीच विचारून ठेवलं होतं.

बाकीचे विषय ती स्वतःच वाचायची. गणित माझ्याकडे. सकाळी साडेपाच ते साडेसहा ओटीवर बसायचो, चहाचे दोन कप आणि एक दोनशे पानी वही घेऊन. माझी पाळी आठची, त्यामुळे वेळ मिळायचा. बीजगणित तिला जमत होतं. अडायचं ते शाब्दिक उदाहरणांपाशी. आकडे अवघड वाटायचे म्हणून नाही. उदाहरणातली माणसंच तिला पटायची नाहीत.

अंकगणिती श्रेढीचा धडा सुरू केला तेव्हा मी पुस्तकासारखंच एक उदाहरण घातलं. एका माणसाची पंधरा झाडं एका रांगेत आहेत. पहिलं झाड विहिरीपासून दहा मीटरवर, पुढचं प्रत्येक झाड आधीच्यापासून चार मीटरवर. तो प्रत्येक झाडाला एक कळशी पाणी घालतो आणि दर वेळी विहिरीवर परत येतो. तर तो एकूण किती चालला? हे मी आमच्याच मळ्यावरून घेतलं होतं. पंधरा आंब्याची कलमं आहेत आमची, आणि उन्हाळ्यात पाणी तीच घालायची.

तिने मांडलं. वीस, अठ्ठावीस, छत्तीस. सामान्य फरक आठ, पदं पंधरा. बेरीज आली अकराशे चाळीस मीटर. बरोबर होतं. पण ती वहीकडे बघत बसली.

“ह्यो माणूस येडा हाय काय?”

“का?”

“कलमाला अर्धी कळशी पुरते. एका फेरीत दोन झाडं व्हतात. मी तसंच करते.”

“गणितात तसं दिलेलं नाय. गणितात एक झाड एक कळशी.”

“मंग ते गणित हाय, झाडं नायत.”

मग तिच्या पद्धतीनेही मांडून बघितलं. दुसऱ्या झाडापर्यंत जायचं, येताना पहिलं, चौथ्यापर्यंत, येताना तिसरं, असं चौदापर्यंत. पंधरावं एकटं उरतं, त्याची फेरी वेगळी. एकूण सहाशे चौसष्ट मीटर. तिला फार आनंद झाला. पाचशेला चोवीस कमी इतकं चालणं तिने एवढी वर्षं आपल्याच डोक्याने वाचवलं होतं, हे तिला आकड्यात पहिल्यांदा दिसलं. दिवसभर ती ज्याला त्याला सांगत होती.

त्याच आठवड्यात मी तिला दोन प्रकारच्या श्रेढींतला फरक सांगितला. दर वेळी तेवढंच मिळवत गेलं की अंकगणिती, भिंतीवर विटांचे थर चढतात तशी. दर वेळी तेवढ्यानेच गुणत गेलं की भूमिती. दोन, चार, सहा, आठ ही पहिली. दोन, चार, आठ, सोळा ही दुसरी.

तिने दोन्ही ओळी निरखल्या. “पयली दोन तर सारखीच हायत.”

“हां.”

“मंग मला कोणी नुसतं दोन आन चार सांगितलं, तर पुढचं सहा म्हणू का आठ?”

“तिसरं पद कळल्याबिगर नाय सांगता येत.”

“आन तिसरंच विचारलं असंल तर?”

मी म्हणालो, “दहावीला भूमिती श्रेढी नाय. ती अकरावीला. तू सहाच म्हणायचं.”

“तळ्यातल्या जलपर्णीला सांगा, दहावीला नाय म्हणून,” ती म्हणाली. आमच्या गावच्या तळ्यात त्या वर्षी जलपर्णी आली होती. आधी एका कोपऱ्यात होती. गणपतीला अर्ध्या तळ्यात होती. आणि पंधरा दिवसांत पाणी दिसेनासं झालं होतं. आम्ही दोघं हसलो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळलो.

सप्टेंबरात तिच्या छातीत गाठ हाताला लागली. तिने मला चार दिवसांनी सांगितलं. कर्जतला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो, सोनोग्राफी केली. सहा मिलीमीटर. बाई म्हणाल्या, कडा गुळगुळीत दिसताहेत, बहुधा साधी असेल, पण तीन महिन्यांनी परत बघू. मी विचारलं, काळजीचं कधी समजायचं? त्या म्हणाल्या की वाढली तर सुईने तुकडा काढून तपासायचा. आणि वाईट निघालीच, तर दोन सेंटीमीटरच्या आत आणि काखेत पसरण्याआधी उपचार सुरू झालेले बरे. मी वीस मिलीमीटर असं डायरीत लिहून घेतलं. माझ्या डोक्यात तो साठ्याचा शेवटचा आकडा म्हणून बसला.

डिसेंबरात परत गेलो. बारा मिलीमीटर.

बाई म्हणाल्या, “तीन महिन्यांत दुप्पट झालीये. आता थांबायचं नाही. याच आठवड्यात तुकडा काढू.”

त्या ‘दुप्पट’ म्हणाल्या. हे मला स्पष्ट आठवतं. आणि मोटरसायकलवरून घरी येताना मी तिला सांगितलं, “सहा वाढलीय.” हेही तितकंच स्पष्ट आठवतं. दोन्ही खरं होतं. सहाचे बारा झाले, म्हणजे सहा वाढले आणि दुप्पटही झाले. दोनातलं मी एक उचललं.

घरी आल्यावर ती ओटीवर बसली. परीक्षा मार्चच्या सुरुवातीला होती. तुकडा वाईट निघाला तर मग ऑपरेशन, औषधं, मुंबईच्या फेऱ्या. परीक्षा त्यात जाणार होती.

“यंदा नाय झालं तर परत नाय व्हायचं,” ती म्हणाली. “एकदा अशीच ऱ्हायली. तुमी हिशोब करून सांगा. पेपर व्होईस्तोवर थांबलं तर चालंल का?”

तिने मला विचारलं. डॉक्टरीणबाईंना नाही. मी म्हणायला हवं होतं की हा माझा हिशोब नव्हे. मी वही घेतली. आजही त्या पानावर माझ्या अक्षरात आहे: ‘एका गाठीचा आकार सप्टेंबरमध्ये ६ मिमी व डिसेंबरमध्ये १२ मिमी आहे. तर मार्चमध्ये तिचा आकार किती असेल?’ खाली, पहिले पद सहा, सामान्य फरक सहा, तिसरे पद अठरा. अठरा वीसपेक्षा लहान. उत्तराखाली दोन रेघा मारल्या, जशा मी तिला मारायला शिकवल्या होत्या.

तिने पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “अवो, पन ही दोनच पदं हायत.”

मी पेनाला टोपण लावलं.

“दोन-चारासारखंच हाय हे. चोवीसबी येतील.”

“नाय येणार.”

“विटा माणूस ठेवतो, म्हणून थर सारखा चढतो. ही तर आपली आपण वाढतेय. जलपर्णीवानी.”

मी तिला म्हणालो, “दहावीला नाय ते.” चेष्टेने म्हणालो. तिला हसवायला म्हणालो असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं असं, की मला अठराच हवे होते. चोवीस आले तर परीक्षा जाणार होती, आणि परीक्षा गेली असती तर रोजची ती ओटीवरची सकाळ गेली असती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि आम्ही एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो. हे कारण मी त्या पानावर लिहिलं नाही. दिलेल्या माहितीत ते यायला हवं होतं.

ती म्हणाली, “तुमी म्हणता तर अठरा.” आणि वही मिटली.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला. मी दोन्ही वेळा सांगितलं की घरात परीक्षा आहे, झाली की येतो. दुसऱ्या वेळी त्या स्वतः बोलल्या. “परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते,” म्हणाल्या. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. मुलीला आम्ही काहीच कळू दिलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही भूमितीच्या रचना करत होतो. कंपास पेटी उघडी होती. तिने पट्टी उचलली आणि मला विचारलं, “अठरा म्हणजे केवढं वो? दाखवा बरं.”

मी पट्टीवर शून्यापासून अठराव्या रेघेपर्यंत पेन्सिलचं टोक फिरवून दाखवलं. तिने अंगठा आणि पहिलं बोट तेवढ्या अंतरावर धरलं, तसंच थोडा वेळ ठेवलं, मग पट्टी पेटीत ठेवून पेटी बंद केली. “चला, वर्तुळ काढा पुढचं,” म्हणाली.

मी विचारलं नाही. तिची बोटं काय मापत होती हे मला तेव्हा कळलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. कळलं होतं. पेपरला सोळा दिवस राहिले होते.

केंद्र खोपोलीला आलं. मी प्रत्येक पेपरला रजा टाकून तिला नेलं. ती इतर मुलामुलींच्या रांगेत पदर खोचून उभी राहायची, हातात पारदर्शक पिशवी, त्यात पाण्याची बाटली आणि तीच कंपास पेटी. पहिल्या दिवशी एका मुलीने तिला विचारलं, “काकू, तुमचा मुलगा कुठल्या वर्गात आहे?” ती म्हणाली, “मीच हाय.” मुलगी लाजली. हिने तिला एक लिमलेटची गोळी दिली.

बीजगणिताच्या पेपरनंतर आम्ही खोपोलीतच शिळफाट्याला थांबून वडापाव खाल्ला. तिने प्रश्नपत्रिका टेबलावर पसरली. शेवटी एक शाब्दिक उदाहरण होतं, सभागृहातल्या खुर्च्यांच्या रांगांचं. प्रत्येक रांगेत आधीपेक्षा दोन खुर्च्या जास्त.

“आलं?”

“आलं. ह्यातला माणूस शहाणा व्हता,” ती म्हणाली. मग मिरची बाजूला काढून ठेवत सावकाश म्हणाली, “शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिशी जाऊ दवाखान्यात.”

“जाऊ.”

“कितीबी निघाली तरी तुमी रडायचं नाय. मला बघवत नाय.”

सव्वीस निघाली. काखेतही होतं.

सव्वीस. अठरा नाही आणि चोवीसही नाही. वहीतल्या दोन्ही श्रेढींपैकी एकीतही तो आकडा बसत नाही. डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात कोणाला भेटायचं ते सांगितलं. मुलगी पनवेलहून थेट आली. आईसमोर काही बोलली नाही. अंगणात मला म्हणाली, “बाबा, तुम्ही मला एक फोन करायचा. मी एक फोन उचलला नसता का?” मी तिला ते पान दाखवलं नाही. तेव्हा दाखवलं नाही.

निकाल जूनमध्ये लागला. तिच्या केसांचा तेव्हा पत्ता नव्हता. डोक्याला सुती फडका बांधून ती खाटेवर बसली होती. मुलीने मोबाईलवर आकडे वाचले. गणितात शंभरपैकी एकसष्ट.

“तुमाला किती व्हते?” तिने मला विचारलं.

“त्रेसष्ट.”

“दोनच कमी. मास्तर एवढा काय ग्रेट नव्हता म्हणायचा.”

मुलगी हसली आणि हसता हसता उठून आत गेली. गुणपत्रिका आली तेव्हा तिने ती स्वतःच्या हाताने प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि मुलीला म्हणाली, “आता पुढच्या फॉर्मात नीट लिव. दहावी पास.” मुलीने लिहिलं. तो फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ती अंथरुणावरून उठत नव्हती, पण वाचून दाखवलेलं तिला ऐकू येत होतं.

ती गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी एकटा डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रांगेत नंबर लावून बसलो. आत गेल्यावर विचारलं, “डिसेंबरातच केलं असतं तर ती वाचली असती का?”

त्या म्हणाल्या, “उपचार तीन महिने आधी सुरू झाले असते. एवढंच मी खात्रीने सांगू शकते. पुढचं कोणालाही सांगता येणार नाही.”

“अंदाजाने?”

“अंदाजाने नका मागू,” त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबर आहे. मला मात्र उत्तर नसलेलं उदाहरण सोडून देता येत नाही. स्टोअरमध्ये माझे आकडे अजून बरोबर येतात. पिंपांचं कसं असतं, ती जागची हलत नाहीत, आपली आपण वाढत नाहीत, आणि आपल्याला काय हवंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. चोवीस वर्षं मी अशाच वस्तू मोजत आलो आणि मला वाटलं की मला मोजता येतं.

वर्षश्राद्धानंतर मी मुलीला ते पान दाखवलं. तिने वाचलं, वही माझ्या मांडीवर परत ठेवली आणि म्हणाली, “आईने विचारलं होतं ना, दोनच पदं आहेत म्हणून?”

“विचारलं होतं.”

“मग थांबायचं आईनेही ठरवलं, बाबा. तुम्ही एकट्यानेच नाही.”

ती हे माझ्यासाठी म्हणाली. मी ते घेतलं नाही. तिच्या आईला शंका आली होती, आणि शंका आलेल्या विद्यार्थ्याला मास्तराने चूक ठरवलं होतं. त्या पानावर अठराच्या शेजारी मी पेनाने सव्वीस लिहिले. अठरा खोडले नाहीत.

कलमांना आता मी पाणी घालतो. सकाळी साडेपाचला, तो वेळ रिकामाच असतो. तिच्या पद्धतीने घालतो, एका कळशीत दोन झाडं. दुसऱ्यापर्यंत जायचं, येताना पहिलं. चौदापर्यंत सात फेऱ्या होतात. मग पंधराव्या झाडाची फेरी. त्याच्या आळ्यात अर्धी कळशी ओतली की ते भरतं आणि अर्धी कळशी हातात उरते.

सहाशे चौसष्ट मीटर आम्ही दोघांनी दोनदा तपासून बघितले होते. त्या अर्ध्या कळशीचं काय, हे गणितात विचारलेलं नव्हतं. ती ते पाणी परत विहिरीवर आणायची, तिथेच पाय धुवायची, की बांधावरच्या कशाला घालायची, ते मी तिला कधी विचारलं नाही. मी रोज तिथे थोडा वेळ उभा राहतो. मग कळशी तशीच घेऊन परत येतो.